कापून ठेवलेले आणि न जाळलेले

वणवा विझवणाऱ्या दलात काम करते असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हेलिकॉप्टर, भडकलेला डोंगर आणि काजळलेले चेहरे उभे राहतात. ते चित्र खोटे नाही, परंतु माझ्या तुकडीच्या वर्षातील बराच मोठा भाग ज्या कामात जातो त्यात ज्वाळा दिसतच नाहीत. त्यात असते ती चेनसॉची दिवसभराची घरघर, फांद्या ओढून भरून आलेले खांदे, हातमोज्यांना चिकटलेली राळ आणि उतारावर रचत नेलेले काटक्यांचे ढीग. कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वताच्या उत्तर भागातील पाइन आणि फर यांच्या जंगलात, वणवा येण्याच्या आधीच त्याच्या वाटेतील खाद्य कमी करून ठेवणे हे आमचे काम आहे. वणवा कसा वागेल हे हवामान, जमिनीचा उतार आणि इंधन या तीन गोष्टी ठरवतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर कोणाचेच काही चालत नाही, म्हणून सगळा भर तिसरीवर. या कामाविषयी एक गोष्ट मला बरेच दिवस लिहायची होती, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते आणि आतले लोक ती आपापसांतच बोलतात. आम्ही कापतो पुष्कळ, पण जाळतो फार कमी, आणि जाळल्यावाचून नुसते कापणे हे अर्धवट काम आहे.

जंगलात जे जे जळू शकते ते सगळे आमच्या लेखी इंधन: पाइनच्या वाळलेल्या सुया, गवत, मँझनिटाची झुडपे, मेलेली झाडे, जिवंत झाडांच्या खालच्या फांद्या. मेलेल्या लाकडाची प्रतवारी जाडीवरून होते, पण तिला नावे मात्र तासांची आहेत. पाव इंचाहून बारीक ते एक तासाचे इंधन, पाव ते एक इंचाचे दहा तासांचे, एक ते तीन इंचांचे शंभर तासांचे आणि तीन ते आठ इंचांचे हजार तासांचे. हवेतील दमटपणा बदलला की लाकडातील ओलावा त्या हवेशी जुळवून घेऊ लागतो, आणि दोहोंमधील फरकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग भरून निघायला जितका वेळ लागतो त्यावरून हे तास ठरतात. म्हणून पहाटेच्या दवाने मऊ पडलेली सुई दुपारपर्यंत कुरकुरीत होते, तर मांडीएवढा ओंडका आठवड्यांमागून आठवडे ऊन खात वाळतो आणि एकदा वाळला की एखाद्या सरीने त्याला काही होत नाही. ज्याने चूल पेटवली आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आधी काडीकचरा, मग काटक्या, मग फाटा आणि शेवटी लाकूड. वणवाही त्याच क्रमाने चढतो. जमिनीवरच्या सुयांतून तो झुडपात शिरतो, झुडपातून लहान फरच्या खालच्या फांद्यांत आणि तेथून मोठ्या पाइनच्या शेंड्यात. या मधल्या पायऱ्यांना आम्ही लॅडर फ्युएल म्हणतो आणि आमच्या करवतीचे मुख्य लक्ष्य त्याच असतात. आग जमिनीलगत राहिली तर माणूस तिच्याजवळ उभा राहून काम करू शकतो. ती शेंड्यांवर चढली की तिच्यासमोर उभे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

या पायऱ्या पूर्वी इतक्या दाट नव्हत्या, याचा पुरावा बुडख्यांवर मिळतो. वठलेला जुना पाँडेरोसा पाइन पाडला आणि बुडख्यावरचा भुसा झटकला की वार्षिक वलयांच्या मध्ये काळे, राळेने चमकणारे व्रण दिसतात. प्रत्येक व्रण म्हणजे त्या वर्षी झाडाच्या पायथ्याशी येऊन गेलेली एक आग. झाडाने दोन्ही बाजूंनी नवे लाकूड वाढवून व्रण झाकत आणलेला असतो, आणि तो पुरता झाकला जाण्याआधीच पुढचा पडलेला असतो. दोन व्रणांच्या मध्ये कोठे सात वलये मोजता येतात, कोठे बारा, कोठे वीस. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कधीतरी शेवटचा व्रण येतो आणि त्यानंतर थेट सालीपर्यंत स्वच्छ लाकूड लागते. शंभर-सव्वाशे वलये, आणि एकही आग नाही. त्या स्वच्छ पट्ट्यावर बोट ठेवून वर पाहिले की भोवती दाटीवाटीने उभ्या असलेल्या, मनगटाएवढ्या जाडीच्या फरच्या गर्दीचे कारण समजते. सावलीत तग धरून राहणाऱ्या या रोपट्यांना पूर्वी दर दहा-पंधरा वर्षांनी येणारी आग छाटून टाकीत असे.

त्या आगींपैकी काही विजेने लागत आणि पुष्कळशा माणसे लावीत. मैदू, मिवोक आणि इतर मूळ रहिवासी टोपल्यांसाठी सरळ कोंब मिळावेत, ओकखालची फळे वेचायला जमीन मोकळी राहावी, हरणांना कोवळा चारा मिळावा, अशा ठरलेल्या हेतूंनी आणि ठरलेल्या ऋतूंत जंगल जाळत. १८५० मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या कायद्याने त्यांचे आग लावणे दंडनीय ठरले. पुढे ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानाच्या परिसरात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले, ऐंशीहून अधिक माणसे मेली, आणि राष्ट्रीय वने सांभाळणारी, त्या वेळी जेमतेम पाच वर्षांची असलेली सरकारी संस्था फॉरेस्ट सर्व्हिस त्या धक्क्याने आगीची कायमची वैरी झाली. १९३५ मध्ये तिने नियमच केला की कोठेही आग दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची. पाँडेरोसाच्या जंगलाला आगीची गरज असते हे वनाधिकारी हॅरोल्ड वीव्हर यांनी १९४३ मध्येच लिहिले होते आणि बर्कलीच्या विद्यापीठातील हॅरोल्ड बिस्वेल यांनी पुढे स्वतः आगी लावून ते दाखवले, त्यासाठी लोकांची टिंगलही सोसली. तरी सकाळी दहाचा नियम मागे घ्यायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या काळच्या विझवणाऱ्यांना नावे ठेवण्यात मला रस नाही. त्यांना सांगितलेले काम त्यांनी जीव धोक्यात घालून केले आणि उत्तम केले. त्यांच्या यशाने साचलेला ढिगारा आता आम्ही उपसत आहोत, एवढेच.

कापण्याचे काम जोडीने चालते. एकजण करवत चालवतो, त्याला सॉयर म्हणतात. दुसरा, म्हणजे स्वॉम्पर, कापलेले ओढून बाजूला नेतो. करवतीची टाकी रिकामी झाली की बहुधा अदलाबदल होते. करवत चालवणाऱ्याच्या पायांवर अनेक थरांचे चॅप्स असतात. फिरती साखळी मांडीला लागलीच तर त्यांतले चिवट धागे तिच्यात गुंतून ती थांबते. स्वॉम्परकडे मात्र हातमोजे आणि स्वतःचे भान एवढेच असते, आणि मला विचाराल तर जोडीतले अवघड काम त्याचेच. झाड पडेल त्या टापूच्या बाहेर राहायचे, फांदी खाली आली की लगेच आत जायचे, कानांवर संरक्षक असताना करवतीच्या आवाजावरून सॉयर पुढे काय करणार आहे ते ओळखायचे, आणि हे सगळे सुयांनी निसरड्या झालेल्या उतारावर.

कोणते झाड काढायचे आणि कोणते ठेवायचे हे कामाच्या आदेशात इंचांत आणि फुटांत लिहिलेले असते: अमुक जाडीपर्यंतचे फर काढा, शेंड्यांमध्ये इतके अंतर ठेवा, खालच्या फांद्या इतक्या उंचीपर्यंत छाटा. पण आदेश लिहिणारा त्या उतारावर उभा नसतो. काळा ओक दिसला तर त्याच्याभोवती मोकळी जागा करायची, पोकळ वठलेल्या खोडात सुतारपक्ष्याची भोके असतील तर ते जपायचे की कामगारांच्या अंगावर पडेल म्हणून काढायचे, हे तेथेच ठरवावे लागते. सारख्या अंतरावर झाडे ठेवत जाणे सर्वांत सोपे असते आणि तपासायला येणाऱ्यालाही ते आवडते, परंतु जुनी जंगले तशी नव्हती. त्यांत झाडांचे झुपके होते आणि झुपक्यांच्या मध्ये उघडी जमीन होती. चांगला सॉयर झाडाकडे बघून नव्हे, तर झाड गेल्यावर उरणाऱ्या पोकळीकडे बघून करवत लावतो.

कापलेले कोठेतरी जायला हवे. सपाटीवर आणि रस्त्यालगत मास्टिकेटर नावाचे यंत्र झुडपे उभीच्या उभी भरडून टाकते. जाड खोडांना गिऱ्हाईक मिळाले तर ती ट्रकने जातात. मनगटाएवढ्या फरला गिऱ्हाईक नसते. उरलेल्या सगळ्याचे, विशेषतः तीव्र उतारावर, हाताने ढीग रचायचे. हे दिसते तितके साधे नाही. सगळ्यांत बारीक काटक्या आणि सुया मध्यभागी, त्यांच्याभोवती फांद्या, आणि जड ओंडके वर, म्हणजे खालचे जळत जाईल तसे ते आपल्या वजनाने दाबून आग एकत्र ठेवतात. लांब फांद्या बाहेर लोंबत ठेवल्या तर मधला भाग जळून जातो आणि भोवती अर्धवट जळालेल्या टोकांचे कडे उरते, जे पुन्हा फावड्याने आत लोटत बसावे लागते. ढीग अर्धा रचून झाला की मध्यभागावर मेणकागदाचा तुकडा घालायचा आणि त्यावर आणखी फांद्या टाकायच्या, म्हणजे हिवाळ्यात वर हिम साचले तरी आत एक कोरडी जागा राहते आणि आग तेथे धरते. ढीग राखायच्या झाडापासून दूर हवा, पडलेल्या ओंडक्यापासून दूर हवा, ओढ्यापासून दूर हवा. दाट जंगलात या सगळ्या अटींत बसणारी जागा शोधण्यात जितका वेळ जातो तितका रचण्यातही जात नाही.

आणि मग ढीग थांबतात. ओले लाकूड वाळण्यासाठी एक उन्हाळा द्यावा लागतो हे खरे, पण एकाचे दोन होतात आणि दोनाचे चार. मेणकागद फाटतो, मधल्या काटक्या कुजून खाली बसतात, रानउंदीर आत घर करतात, फांद्यांच्या मधून झुडपांचे नवे कोंब वर येतात. या काळात त्या उतारावर वणवा आला तर विरळणीचा फायदा अगदीच होत नाही असे नाही. शेंड्यावरून शेंड्यावर आग जाणे अवघड झालेले असते. परंतु जमिनीवर आता पूर्वीपेक्षा जास्त वाळलेले लाकूड असते, सावली कमी झाल्याने ऊन आणि वारा आतपर्यंत पोहोचत असतो, आणि प्रत्येक ढीग एकाच जागी इतका वेळ धगधगतो की जी झाडे आम्ही निवडून राखली त्यांचीच साल आणि मुळे भाजून निघतात. जे वर होते ते आम्ही खाली आणले. इंधन कमी झाले नाही, त्याची जागा बदलली.

हा केवळ माझा तर्क नाही. जुलै २०२१ मध्ये दक्षिण ओरेगॉनमध्ये लागलेला बूटलेग वणवा चार लाखांहून अधिक एकरांवर पसरला आणि सायकन मार्श या राखीव क्षेत्रातून गेला. तेथे नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आणि क्लॅमथ जमाती मिळून अनेक वर्षे जंगलाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळे उपाय करीत आल्या होत्या. जेथे विरळणी होऊन नंतर नियंत्रित जाळणीही झाली होती तेथे आग जमिनीवर उतरली आणि बहुतेक मोठी झाडे हिरवी राहिली. जेथे ठरलेली जाळणी लांबणीवर पडली होती तेथे नुकसान अधिक झाले. पश्चिम अमेरिकेतील सूचिपर्णी जंगलांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हाच निष्कर्ष आकड्यांत मांडला आहे. विरळणी करून जाळणी, विरळणी करून ढीग जाळणे किंवा विरळणीशिवाय नुसती जाळणी, यांपैकी काहीही झालेले असेल तर नंतरच्या वणव्याची तीव्रता काहीच न केलेल्या भागाच्या तुलनेत ६२ ते ७२ टक्क्यांनी कमी आढळली. नुसत्या विरळणीचा परिणाम त्याहून कमी होता. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील मॅरिपोसा ग्रोव्ह या सिकोया वृक्षांच्या उपवनात १९७१ पासून नियंत्रित जाळणी होत आली आहे. जुलै २०२२ मध्ये वॉशबर्न वणवा तेथे पोहोचला तेव्हा ते प्रचंड वृक्ष वाचले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२० च्या कॅसल वणव्यात, दक्षिणेकडील उपवनांतले मोठे सिकोया हजारोंच्या संख्येने मेले होते, आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी शतकभर आग फिरकलेली नव्हती.

मग आम्ही जाळत का नाही? पहिले कारण कागदावरचे आहे. आमचे काम एकरांत मोजले जाते. जानेवारी २०२२ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने दहा वर्षांची योजना जाहीर केली, तिच्यात राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर दोन कोटी एकरांपर्यंत आणि इतर जमिनींवर तीन कोटी एकरांपर्यंत जास्तीचे काम करायचे ठरले. वर एवढा आकडा ठरला की खाली प्रत्येकाच्या वाट्याला आकडा येतो, आणि आकडा भरायचा असेल तर सपाट, रस्त्यालगतचा, विरळ झुडपांचा एकर आधी घेतला जातो. गावाच्या वरच्या अंगाचा, उभ्या चढणीचा, दाट फरचा एकर पुढच्या वर्षावर ढकलला जातो. त्यातही एकाच एकरावर एका वर्षी विरळणी, दुसऱ्या वर्षी ढीग आणि तिसऱ्या वर्षी जाळणी झाली तर तो तीनदा मोजला जाऊ शकतो, आणि ज्या एकरावर ढीग रचून सोडून दिले तोही नकाशावर रंगवलेला दिसतो. खालच्या गावातला माणूस तो रंग पाहून निश्चिंत होतो. माझ्या हाती असते तर शेवटची जाळणी होईपर्यंत एकही एकर झाला असे मी लिहू दिले नसते.

दुसरे कारण हवेचे आणि माणसांचे. जाळणीची योजना महिनोन्महिने आधी लिहावी लागते आणि तिच्यात तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि वेग, बारीक आणि जाड लाकडातील ओलावा या प्रत्येकाची वरची आणि खालची मर्यादा ठरलेली असते. या सगळ्या गोष्टी एकाच दिवशी मर्यादेत याव्या लागतात. फार ओले असेल तर पेटत नाही, फार कोरडे असेल तर आवरत नाही. त्या दिवशी धूर वर उचलला जाऊन पांगेल की दरीत साचून राहील हे पाहून हवेचे नियमन करणारे मंडळ परवानगी देते किंवा नाकारते. हे सगळे जुळलेच तर माणसे लागतात. शरद ऋतूतील पहिला पाऊस पडून गेल्यावरचे काही आठवडे जाळणीसाठी फार चांगले असतात, पण नेमक्या त्याच दिवसांत निम्मी तुकडी दक्षिण कॅलिफोर्नियात सांता आना नावाच्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांनी भडकलेल्या वणव्यांवर पाठवलेली असते आणि उरलेल्यांपैकी हंगामी कामगारांचा करार संपत आलेला असतो. दिवस मिळतो तेव्हा माणसे नसतात, माणसे असतात तेव्हा दिवस मिळत नाही.

प्रत्यक्ष जाळणी मात्र पाहण्यासारखी असते, आणि ती भडक मुळीच नसते. सकाळी सर्वांत आधी हवा मोजायची. त्यासाठीचे साधन अगदी जुन्या पद्धतीचे आहे: दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले, त्यांतील एकाच्या टोकावर ओली केलेली सुती नळी, आणि ते साखळीला धरून डोक्याजवळ मिनिटभर गरगर फिरवायचे. बाष्पीभवनाने ओला तापमापक खाली उतरतो. दोघांमधील फरकावरून तक्त्यात आर्द्रता पाहायची. जंगलात आधीपासून एक लाकडी जाळीही ठेवलेली असते, अर्धा इंच जाडीच्या पाइनच्या काड्यांची, जिचे भट्टीत पूर्ण वाळवलेले वजन बरोबर १०० ग्रॅम असते. म्हणजे ती तागडीवर १०९ ग्रॅम भरली तर दहा तासांच्या इंधनात ९ टक्के ओलावा आहे हे कोणतेही गणित न करता कळते. मला हे उपकरण त्याच्या साधेपणामुळे फार आवडते.

मग जाळरेषेच्या, म्हणजे जाळायच्या भागाभोवती आखलेल्या हद्दीच्या, कोपऱ्यात, वाऱ्याच्या बाजूचा विचार करून, एक छोटी चाचणीची आग लावली जाते आणि सगळे उभे राहून तिच्याकडे पाहतात. ज्वाळा किती उंच जातात, धूर कोठे झुकतो, सुया पूर्ण जळतात की वरचा थर नुसता काळा होतो, हे पाहून बर्न बॉस, म्हणजे जाळणीचा प्रमुख, पुढे जायचे की थांबायचे ते ठरवतो. पुढे जायचे ठरले तर ड्रिप टॉर्च घेतलेले लोक वरच्या कडेपासून सुरुवात करतात. तीन-चार भाग डिझेलमध्ये एक भाग पेट्रोल असे मिश्रण वातीवरून थेंबाथेंबाने पेटून खाली पडते आणि चालणाऱ्याच्या मागे आगीची एक रेघ उमटत जाते. आधी वरची कड जाळून काळी करायची, मग थोडे खाली येऊन दुसरी रेघ ओढायची. ती वर चढते आणि आधीच्या काळ्या पट्ट्याला भिडून विझते. दोन रेघांमधील अंतर कमी ठेवले की ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाहीत. रेषेच्या बाहेर पाण्याचे पंप आणि फावडी घेऊन उभ्या असलेल्यांना आगीकडे पाठ करून हिरव्या बाजूकडे पाहत राहायचे असते, कारण ठिणगी तेथेच पडणार असते. हे तासन्‌तास करणे जाळण्यापेक्षा कठीण आहे.

तिसऱ्या कारणाविषयी आमच्यात कमी बोलले जाते, आणि ते म्हणजे भीती. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिकोत फॉरेस्ट सर्व्हिसने लावलेली नियंत्रित जाळणी वाऱ्याने रेषेबाहेर गेली. त्याच भागात जानेवारीत जाळलेल्या ढिगांपैकी काहींच्या पोटात निखारे राहिले होते; त्यांवर हिम पडले, वितळले, आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा वर आले. हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यन या नावांच्या या दोन आगी एकमेकींना मिळाल्या आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जळाले, शेकडो कुटुंबांची घरे गेली. त्या राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा आहे. मे महिन्यात फॉरेस्ट सर्व्हिसने देशभरातील आपल्या सर्व नियंत्रित जाळण्या ९० दिवस थांबवून आढावा घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनमधील एका राष्ट्रीय वनात जाळणी शेजारच्या खाजगी कुरणात पसरली, तेव्हा स्थानिक शेरीफने बर्न बॉसला अटक केली. ती बातमी आमच्याकडे त्याच दिवशी पोहोचली आणि त्यानंतर बर्न बॉसच्या प्रशिक्षणाला नाव देताना माणसे दोनदा विचार करू लागली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून, घोर निष्काळजीपणा नसेल तर प्रमाणित बर्न बॉसवर आग विझवण्याच्या खर्चाचा बोजा पडू नये अशी तरतूद केली. ती योग्यच आहे. पण भीती सगळी पैशांची नसते. आग न लावण्याच्या निर्णयाबद्दल आजवर कोणाला जाब विचारला गेल्याचे मी ऐकलेले नाही, मग त्या उतारावर पुढच्या उन्हाळ्यात काहीही होवो.

न्यू मेक्सिकोतील त्या प्रकारानंतर ढीग तपासण्याची शिस्त आमच्याकडे फार कडक झाली. जळालेल्या ढिगाची राख फावड्याने उलथायची, कडेची माती खणायची, आणि मग हातमोजा काढून उघड्या हाताची मागची बाजू राखेच्या अगदी जवळ नेऊन, तिला न टेकवता, ऊब लागते का ते पाहायचे. मागची बाजू अशासाठी की तिला ऊब लवकर जाणवते, आणि भाजलेच तर निदान पकडण्याचा तळवा शाबूत राहतो. ऊब लागली नाही तर बोटे हळूहळू राखेत घालायची. मुळे जळत आत गेलेली असतील तर ऊब ढिगाच्या मध्यात न लागता दोन-तीन फुटांवर, अगदी साध्या दिसणाऱ्या जमिनीत लागते. थर्मल कॅमेरे आले आहेत आणि ते उपयोगीही आहेत, पण जाड राखेखालचे ते नेहमी दाखवतातच असे नाही.

धुराबद्दल लोक तक्रार करतात आणि ती रास्त आहे. दमा असलेल्या माणसाला हा धूर चांगल्या कामाचा आहे म्हणून कमी त्रास होत नाही. माझे म्हणणे एवढेच की धूर की धूर नाही असा पर्याय येथे उपलब्ध नाही. आधी कळवून, वारा पाहून, दोन दिवस येणारा धूर आणि ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे दरी भरून राहणारा धूर, यांतून निवड करायची आहे.

दलांतल्या प्रतिष्ठेबद्दलही एक सांगायला हवे. इंधन कमी करणाऱ्या तुकड्यांना विझवणाऱ्या तुकड्यांच्या खालच्या पायरीवर समजण्याची रीत आहे आणि तरुण मुले पहिली संधी मिळताच तिकडे जातात. जून २०१३ मध्ये ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे ज्यांचे १९ जण मारले गेले ते ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स हे दल २००२ मध्ये प्रेस्कॉट शहराची इंधन कमी करणारी तुकडी म्हणूनच सुरू झाले होते, हे मात्र फार थोड्यांना आठवते. करवतीवर घालवलेली ती वर्षे त्यांच्या कौशल्याचा पाया होती. जाळणीत शिकलेला माणूस वणव्यावर अधिक शांत असतो, कारण आग हळू चालताना कशी दिसते हे त्याने जवळून पाहिलेले असते.

ढीग जाळले, मग त्या उतारावर जमिनीलगतची जाळणीही केली, तरी काम कायमचे संपत नाही. मँझनिटाचे बी आगीच्या उष्णतेने आणि धुराने जागे होते, उघड्या झालेल्या जमिनीवर फरचे बी पडतच राहते, आणि आठ-दहा वर्षांत कमरेएवढे रान पुन्हा उभे राहते. फरक असा की दुसऱ्या खेपेला करवत क्वचितच लागते. त्या वेळी चार ड्रिप टॉर्च, रेषेवर दोन पंप आणि एक योग्य दिवस पुरतो, आणि एकरी खर्चही पुष्कळ कमी येतो. अडचण अशी की देखभालीच्या जाळणीला निधी मागताना आम्हांला विचारले जाते की हा भाग तर नकाशावर आधीच झालेला दिसतो, मग पुन्हा कशाला?

सध्या आमच्या यादीत सर्वांत वर एक उत्तरेकडे तोंड असलेला उतार आहे, ज्याच्या खाली वस्ती आहे आणि ज्यावरचे ढीग दोन उन्हाळे वाळले आहेत. मेणकागद अजून शाबूत आहेत. ढिगांभोवती सहा इंच हिम साचले की ते जाळायचे ठरले आहे, आणि त्यासाठी हंगाम संपल्यावरही चार माणसांना महिनाभर कामावर ठेवावे अशी मागणी आम्ही वर पाठवली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.